दांडीवरचे खळगे

सकाळचा उजेड या माळ्यावर एकदम येत नाही. आधी पूर्वेच्या खिडकीचा कागद काळ्याचा राखाडी होतो, आणि कितीतरी वेळ तेवढेच घडते. मग त्या राखाडीत पेजेसारखा फिकट पांढरेपणा मिसळतो. कागदामागच्या लाकडी पट्ट्या एकेक करून दिसू लागतात, जणू कुणी त्या हलक्या हाताने आखत आहे. कागदाला जिथे ठिगळ लावले आहे तिथे उजेड थोडा थबकतो. डोंगराच्या कडेवर सूर्य आला, की ठिगळाची कड पिवळी होते आणि तिथून पहिला पट्टा आत उतरतो. त्याला घाई नसते. धुराने काळवंडलेल्या तुळईला तो शिवतो, रिकाम्या मांडण्यांवरून हळूहळू खाली येतो. पूर्वी या मांडण्यांवर बांबूच्या परड्या असत आणि परड्यांतून रेशमाच्या अळ्या तुतीची पाने खात असत. त्या खाण्याचा आवाज गवती छपरावर पडणाऱ्या रिमझिमीसारखा यायचा. आता तिथे फक्त धूळ आहे, आणि उजेड त्या धुळीवरूनही तेवढ्याच आदराने जातो. शेवटी तो समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याशी पोचतो. तिथे मी असतो.

मी एक जुना शामिसेन आहे, मित्रांनो. तीन तारांचा, लांब दांडीचा, चौकोनी अंगाचा. उन्हाळ्यात तुम्ही शाळेच्या बाईंबरोबर हे घर पाहायला येता, कोपऱ्यात रचलेल्या जुन्या परड्या हलवून बघता, आणि माझ्यासमोर आल्यावर तुमच्यातला एखादा विचारतो, "हा वाजतो का हो?" बाई म्हणतात, "हात लावू नका." मी कुणालाच उत्तर देऊ शकत नाही. तसा मी बोलका कधीच नव्हतो. दुसऱ्याच्या गळ्याला साथ करणे एवढेच माझे काम होते, आणि ज्याला साथीची सवय जडते त्याला एकट्याने बोलायचा संकोच वाटतो. पण रात्री पाऊस पडून गेला आहे, आजचा उजेड फार स्वच्छ आहे, आणि मला वाटते की आज बोलावे.

माझा जन्म ताकादा शहरातल्या एका अरुंद गल्लीत झाला. हिवाळ्यात तिथे रस्ता बर्फाखाली जातो आणि माणसे घरांच्या पुढे आलेल्या छपरांखालून चालतात. दाइझो नावाच्या कारागिराने लालसर, कठीण लाकडातून माझी दांडी घडवली. तिचे तीन तुकडे केले, आणि ते एकमेकांत असे बसवले की जोड नखालाही लागू नये. प्रवासात मला सोडून गाठोड्यात बांधता यावे, म्हणून ही युक्ती. माझ्या अंगावर ताणले आहे ते कुत्र्याचे कातडे. हे सांगताना आजही मला अवघडल्यासारखे होते. त्या मुक्या जिवाचे माझ्यावर उपकार आहेत आणि त्याचे नावसुद्धा मला माहीत नाही. तारा मात्र रेशमाच्या, हळदीत रंगवलेल्या. नव्याने चढवल्या तेव्हा त्या पिवळ्याधमक दिसत होत्या, आणि दाइझो त्यांना पीळ देत म्हणाला होता, "आता कुणाच्या गळ्याशी तुझं जमतं बघू."

माझे जमले ते तोकुशी.

तोकु गोझे होती. गोझे म्हणजे गावोगाव फिरून गाणारी अंध बाई. लहानपणी डोळे गेलेल्या मुलींना अशा एखाद्या वडीलधाऱ्या गोझेच्या घरी देत. ती त्यांना मुलगी मानी, त्या तिला आई म्हणत, आणि सगळे गाणे कानातून कानात जाई. शिकण्याची वर्षे संपली, की त्या मुलीचा समारंभ होई. तिला नवरीसारखे सजवत, केसांचा उंच अंबाडा बांधत, लाल पेल्यातून दारूचा घोट देत. नवरीचे सगळे असे, फक्त नवरा नसे. आणि मग आई तिला एका खोलीत घेऊन दार लावून घेई आणि लांब गाण्यांचे शेवटचे भाग तिच्या कानात सांगे. ते भाग आधी कुणालाच शिकवायचे नाहीत, आणि आईखेरीज दुसऱ्या कुणी सांगायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता.

मी तोकुकडे आलो तो तिच्या समारंभाच्या दिवशी. तिची आई त्या दिवशी नव्हती. आदल्या हिवाळ्यात ती तापाने गेली होती. अंबाडा शेजारणींनी बांधला, पेला दुसऱ्या एका म्हाताऱ्या गोझेने पुढे केला. मग तोकु मला मांडीवर घेऊन त्या खोलीत एकटीच जाऊन बसली. दार लावलेले होते. तिने माझ्या दांडीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, आणि बाहेर येऊन सर्वांना वाकून नमस्कार केला.

त्यानंतरची वर्षे मी रस्त्यावर काढली. सर्वांत पुढे तोकुची थोरली शिष्या शिगे चालायची, कारण तिला डाव्या डोळ्याने थोडे दिसायचे. तिच्या पाठीवरच्या गाठोड्यावर हात ठेवून तोकु, आणि तोकुच्या गाठोड्यावर हात ठेवून धाकटी शिष्या, छोटी मात्सुए. तोकुच्या गाठोड्यात मी. ओढ्याच्या साकवावर शिगे ओरडायची, "आई, पाय मोजून! डावीकडे फळी नाही!" तोकु म्हणायची, "फळी नाही हे सांगतेस, आहे कुठे ते सांग की!" आणि मागून मात्सुए खुदकन हसायची. हसता हसता तिचा पाय ओल्या गवतावरून घसरे, आणि मग तिघी तिथेच बसून बराच वेळ हसत राहत. मित्रांनो, मी एवढे हसणे पुढे कुठल्याही घरात ऐकले नाही.

आता माझ्या दांडीबद्दल सांगतो, कारण तेच सांगायचे आहे. शामिसेनच्या दांडीवर पडदे नसतात. बोट नेमके कुठे टेकवायचे हे वाजवणाऱ्यानेच जाणायचे. वर, खुंट्यांजवळ, खालचे सूर असतात, आणि दांडी कातड्याला मिळते तिथे, खाली, सगळ्यांत उंच सूर. वर्षानुवर्षे तार दाबून दाबून ज्या जागी बोट जास्त टेकते तिथे लाकूड झिजते आणि खळगा पडतो. इतर वादक असे खळगे रंधून सपाट करून घेतात. एका हिवाळ्यात तोकु मला दाइझोकडे घेऊन गेली, तेव्हा तोही रंधा काढूनच बसला होता.

"बाई, ही दांडी आहे की डोंगराची वाट?" तो म्हणाला. "लाज वाटते मला, माझं काम आहे म्हणून सांगायला. द्या इकडे, एका दुपारचं काम."

"हात लावशील तर बोटं मोडीन," तोकु म्हणाली. "हे माझं चाललेलं आहे सगळं. हे घासलंस, तर मी कुठे कुठे जाऊन आले ते कोण सांगणार?"

"सूर हलतो अशानं."

"सूर माझा आहे. हलला तर मी धरीन त्याला."

दाइझोने नुसत्या तारा बदलल्या आणि हसत मला परत दिले. माझ्या दांडीला पुन्हा कधीही रंधा लागला नाही. तोकुने जे जे वाजवले ते ते सगळे माझ्यावर उमटून आहे.

तोचिहारा नावाचे हे गाव खिंडीच्या खाली आहे. तुतीला पाने फुटली आणि अळ्यांनी पहिली कात टाकली, की आम्ही इथे येत असू. या घराची मालकीण त्सुने. सकाळी ती आम्हाला याच माळ्यावर घेऊन येई, कारण गोझेचे गाणे ऐकलेल्या अळ्या मोठे कोश करतात असे इकडे सगळे मानत. तोकु मांडण्यांच्या मधोमध बसून पहाटेच्या उजेडात अळ्यांसाठी गाई. त्या आपल्या खाण्यातून मान वर करत नसत, हे खरे. पण मला त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटे. माझ्या तारा त्यांच्याच कुळातल्या होत्या.

संध्याकाळी खाली गोष्ट असे. जमिनीतल्या चुलीभोवती गाव जमे. बायका पुढे, म्हाताऱ्या त्यांच्या मागे, पुरुष दारूची सुरई मध्ये घेऊन भिंतीशी. कुणी मुळ्याचे लोणचे आणी, कुणी बांबूच्या पानात बांधलेले तांदळाचे लाडू. तोकु माझ्या खुंट्या पिळे, तारांखालची लाकडी घोडी सरळ करी, आणि हातातली रुंद नखी कातड्यावर पहिल्यांदा आपटली, की लोणचे खाणाऱ्यांचे दातसुद्धा थांबत.

गोष्ट ओफुजीची असे. ओफुजी ही एका नावाड्याची बायको. नवरा हिवाळ्यात दूर कामाला जातो आणि वसंतात परत येत नाही. ओफुजी वल्हे हातात घेते. ती नदीवर माणसे ऐलतीरावरून पैलतीरावर नेते आणि प्रत्येकाला विचारते, माझा माणूस कुठे दिसला का? कुणी सांगतो तो मेला, कुणी सांगतो त्याने दुसरे घर केले, कुणी नुसतेच भाडे देऊन उतरतो. वर्षे जातात. एका सकाळी नदीवर दाट धुके असते, आणि पैलतीरावरून हाक येते. आवाज त्याचाच. ओफुजी एकटीच नाव लोटते, धुक्यात शिरते. नदीच्या मधोमध पोचते. पुन्हा हाक येते, या वेळी जरा दुरून.

इथे तोकु नखी आडवी मारून तारा तोडल्यासारखी थांबे. "नाव पाण्यात आहे," ती म्हणे, "आणि गोझे थकली आहे." बस्स. त्याच्यापुढचा भाग कुठल्याच गावात गायचा नसे. शेवट ऐकला की पुढल्या वर्षी कोण बोलावणार? सगळ्या गोझे असेच करत, आणि सगळ्या गावांना ते ठाऊक असे. तरी दर वर्षी तीच झकाझकी होई.

"तोकुसान, यंदा तरी ती नाव किनाऱ्याला लावा," त्सुने म्हणे. "वल्ही मारून मारून बिचारीचे दंड सुजले असतील."

"लावली, तर पुढल्या वर्षी मला दारात तरी उभी करशील का?"

"लोणचं देईन की."

"लोणच्याला मी नाही म्हणत नाही. पण नाव नदीतच राहील."

सगळे हसत. त्सुनेही हसे, पण तिचे हसणे इतरांच्या आधी संपत असे. कारण तिचा नवरा गेन्साकु असाच गेला होता. मुलगा पोटात होता तेव्हा माझ्या तुटलेल्या तारेचा तुकडा तिच्या पोटाला बांधला होता, बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून. शोहेइ झाला, आणि त्या हिवाळ्यात गेन्साकु गावातल्या इतर पुरुषांबरोबर दूरच्या दारूच्या कारखान्यात कामाला गेला. वसंतात बाकीचे परत आले. एका सकाळी तो तिथून निघून गेला, एवढेच ते सांगू शकले. जाताना बर्फ पडायला सुरुवात झाली नव्हती, म्हणून त्याने आपले गवती बूट दाराजवळ टांगून ठेवले होते. ते तसेच राहिले. त्सुनेने पुन्हा लग्न केले नाही, माहेरी गेली नाही. कुणी विचारले, तर म्हणे, "गोष्ट पुरी होऊ दे. बघू ओफुजी काय करते."

लोक ते चेष्टेवारी नेत. मला मात्र ती चेष्टा वाटत नसे. ज्या ठिकाणी तोकु थांबे, तिथे माझ्या तारा थरथरत राहत, आणि त्या थरथरीत मला पुढचे सगळे ऐकू येत असे. निदान मला तसे वाटे.

मग मात्सुएचाही समारंभ झाला, अंबाडा, लाल पेला, सगळे. तोकु तिला खोलीत घेऊन गेली आणि दार लावले. मी तोकुच्या मांडीवर होतो. तोकु माझ्या खुंट्या उगाच पिळत राहिली.

"आई, सांगा ना," शेवटी मात्सुए म्हणाली. "नाव पोचते का?"

तोकुने माझी दांडी तिच्या हातात दिली. "शेवट खाली आहे. कातड्याजवळ, उंच सुरात. ह्या शामिसेनला सगळं ठाऊक आहे. रस्त्यानं चालता चालता देईन तुला हळूहळू."

मात्सुएने "बरं" म्हटले. माझा ऊर भरून आला. शेवट माझ्यापाशी आहे, असे माझ्या मालकिणीने सांगितले होते. यापेक्षा मोठी शाबासकी एखाद्या वाद्याला काय मिळणार?

रस्त्याने चालता चालता पुष्कळ झाले, पण ते राहून गेले. एका वर्षी याच घरात तोकुला उभे राहवेना. तिला गाडीवर निजवून शहरात न्यायचे ठरले. निघताना तिने मला त्सुनेच्या हातात दिले.

"हा ठेवून जाते. पुढल्या वर्षी येऊन शेवट सांगीन, आणि मगच नेईन. तोवर हलवायचा नाही."

"आता सांगा की मग. नाव कधीची उभी आहे."

"आता दम नाही, पोरी," तोकु म्हणाली, आणि तिने आपले तोंड भिंतीकडे केले.

त्या हिवाळ्यात ती गेली. शिगेची उरलीसुरली नजरही विझली, आणि पुढे चालणारे कुणी राहिले नाही. मात्सुए शहरातल्या अंधांच्या आश्रमात राहू लागली. आईचा शब्द होता, म्हणून मला न्यायला ती आली नाही. गावात रेडिओ आला, मग चित्रे दाखवणारी पेटी आली. रेशमाला भाव उरला नाही, तुतीची झाडे तोडून लोकांनी शेते केली, आणि माळ्यावरचा तो खाण्याचा आवाज एका वर्षी कायमचा थांबला. मी खिळ्यावर होतो. खालच्या चुलीचा धूर वर येई, त्याने माझे कातडे कोरडे राहिले. तरी एका ओल्या उन्हाळ्यात त्याचा एक कोपरा सुटलाच. माझ्या तारा एकेक करून तुटल्या. तुटतानाचा प्रत्येक आवाज त्सुने खालून ऐके आणि जिन्यात येऊन उभी राही, जणू मी काही बोललो आहे.

शोहेइ शहरात नोकरीला लागला. इकडे हिवाळ्यात बर्फ पहिल्या मजल्याच्या वर जातो, छपरावरून तो खाली ओढावा लागतो, आणि म्हातारी एकटी. दर वर्षी तो न्यायला येई आणि दर वर्षी हात हलवत परत जाई.

"आई, छप्पर बसेल एक दिवस अंगावर."

"बसू दे. शेवट ऐकल्याशिवाय मी हलायची नाही."

"गोष्टीतल्या बाईचं ऐकतेस, पोटच्या पोराचं नाही!"

"ती तुझ्यापेक्षा आधी आली आहे या घरात."

शेवटी शोहेइने आश्रम शोधून काढला आणि मात्सुएला बसने घेऊन आला. बर्फ नुकताच वितळला होता. जिन्यात मी त्यांचा आवाज ऐकला.

"मावशी, जिना उभा आहे, सांभाळून."

"जिना मला पाठ आहे. तू डोकं सांभाळ, वर तुळई खाली आहे."

धाड्‌कन आवाज झाला. मात्सुए हसली. तेच खुदकन हसणे, फक्त जरासे घोगरे झालेले.

तिने मला खिळ्यावरून उतरवले आणि माझ्या अंगावर टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"हे काय?"

"कोपरा सुटला होता," त्सुने म्हणाली. "मी भाताच्या खळीनं कागद चिकटवला. हसू नकोस."

"काकू, अहो तुम्ही याची खिडकी केलीत!"

पण तिने सोबत नव्या पिवळ्या तारा आणल्या होत्या. त्या चढवताना तिची बोटे माझ्या दांडीवरून वर-खाली फिरत होती, आणि प्रत्येक खळग्याशी ती क्षणभर थांबत होती, ओळखीच्या दारावर थांबावे तशी. "हे आईचं," ती पुटपुटे. "हेही आईचंच."

बातमी कळून गावातल्या उरलेल्या म्हाताऱ्या चढून आल्या. जुन्या परड्या उपड्या घालून त्यांच्यावर बसल्या. सकाळची वेळ होती, खिडकीतून आता येतो आहे तसाच उजेड येत होता. शोहेइ कपाळ चोळत दाराशी उभा होता. मात्सुए सरसावून बसली, नखी उचलली, आणि म्हणाली, "काकू, आधीच सांगते. आईनं मला शेवट शिकवला नाही. शामिसेनला ठाऊक आहे एवढंच म्हणाली. तिची बोटं जिथे जिथे गेली तिथे खळगे आहेत. मी ते चाचपत जाईन. मिळाला, तर सगळ्यांनाच मिळेल."

"गा," त्सुने म्हणाली. "मी सामान बांधून ठेवलं आहे. शेवट कळला की ठरवते, जायचं की राहायचं."

आणि मी पुन्हा वाजलो. कातडे बद्द होते, कोपऱ्यातला कागद तडतडत होता, मात्सुएचा आवाज चढावर धापा टाकत होता. पण ओफुजी उठली, तिने वल्हे घेतले, प्रवासी आले आणि उतरले. एक म्हातारी मध्येच म्हणाली, "तो भाडं बुडवणारा आला बघा मेला," आणि दुसरीने तिला गप्प केले. मग धुके आले. पैलतीरावरून हाक आली. नाव नदीच्या मधोमध पोचली. पुन्हा हाक, जरा दुरून. इथवर मात्सुएची बोटे खळग्यांमधून अशी गेली, जसे तोकुच तिचे मनगट धरून चालवत आहे.

तिने नखी आडवी मारली नाही. म्हाताऱ्या परड्यांवरून पुढे झुकल्या. तिची बोटे खाली सरकली, कातड्याच्या दिशेने, उंच सुरांकडे. एक सूर लागला. दुसरा लागला, पण तो कुठे जात नव्हता. बोटे आणखी खाली गेली, परत वर आली, पुन्हा खाली गेली. मी सगळा जीव एकवटून तिला देत होतो. घे, इथेच आहे, घे. बोटे लाकडावरून नुसती फिरत राहिली. मग ती थांबली.

"काकू," मात्सुए म्हणाली, "माझी बोटं कमी पडली."

त्सुने तिच्याजवळ सरकली. मग तिने विचारले, "नाव कुठे आहे आत्ता?"

"नदीच्या मधोमध."

"धुकं आहे?"

"आहे."

"हाक येते अजून?"

मात्सुएने मान तिरकी केली, खरेच ऐकल्यासारखी. "नाही. आता नाही येत."

"मग ती तिथे कुणासाठी थांबली आहे?" त्सुने म्हणाली. तिने उजेडाच्या पट्ट्यात आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले, सुरकुतलेले, तळव्यावर जुने घट्टे असलेले. "किनारा कुठला जवळ आहे?"

"दोन्ही सारखेच लांब, काकू."

"तर मग शोहेइच्या बाजूचा धर."

दाराशी शोहेइने तोंड फिरवले. एक म्हातारी बाहीच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली, "आणि लोणच्याचा माठ?" त्सुने उठत म्हणाली, "तो नावेत आधी चढेल."

जाण्यापूर्वी ती दाराजवळचे गवती बूट घेऊन वर आली आणि माझ्या खिळ्याला टांगले. "याला इथेच राहू दे," ती मात्सुएला म्हणाली. "तोकुसाननं हलवायचा नाही असं सांगितलं आहे, आणि शेवट काही झाला नाही." मात्सुएने मान हलवली. मला परत टांगण्याआधी तिने दांडीवरून पुन्हा एकदा हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. खाली तिचा तळवा खूप वेळ टेकलेला होता. 

त्सुने शहरात मुलाकडे राहिली, आणि तिथेच शांतपणे गेली. मात्सुएही आता नाही. गावाने हे घर तुमच्यासारख्या मुलांना पाहता यावे म्हणून राखले आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे थोडेसे मागणे आहे. मला पुसाल, तर ओल्या फडक्याने पुसू नका. पावसाळी दिवसांत खिडकी लावून घ्या. आणि तुमच्या घरात कुणी गोष्ट सांगणारे असेल, तर त्याला मधोमध थांबू देऊ नका. त्याच्यापाशी बसा, हट्ट करा, पुढचे विचारा. त्याला पुढचे येत नसेल, तर तेही त्याला सांगू द्या. ते न सांगता येणे फार जड असते. मी तसा हात अंगावर वागवला आहे.

दर उन्हाळ्यात तुम्ही माझ्यासमोर उभे राहता तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत आलो, की शेवट माझ्यात आहे, फक्त योग्य हात हवा. त्या सकाळी लाकूड ओलाव्याने फुगले असेल, असे मी स्वतःला समजावले. तारा नव्या होत्या, कातड्याला कागद होता, मात्सुएची बोटे म्हातारी झाली होती.

आता उजेडाचा पट्टा बुटांवरून चढत माझ्या दांडीवर आला आहे. वरच्या भागात तो प्रत्येक खळग्यात साचतो, ओंजळीत पाणी साचावे तसा. इथे ओफुजीने वल्हे घेतले. इथे धुके आले. इथे हाक. मग एक जागा येते, आणि तिथून खाली उजेड कुठेही थांबत नाही. गुळगुळीत लाकडावरून तो सरळ घसरतो, थेट कातड्यापर्यंत. तिथे लाकूड दाइझोच्या रंध्याखालून निघाले त्या दिवशी होते तसेच आहे. समारंभाच्या दिवशी त्या बंद खोलीत तोकुच्या कानाशी कुणीच बसले नव्हते.

मात्सुएची बोटे कमी पडली नव्हती. शेवटचा भाग माझ्यावर कधीच वाजला नव्हता.